काढून टाकली म्हणजे कळली असे नव्हे

कानाखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी गाठ येते. दुखत नाही. वर्ष-दोन वर्षे तशीच राहते, मग हळूच वाढते. दाढी करताना किंवा वेणी घालताना हाताला लागली की माणूस दवाखान्यात जातो. तिथे सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सांगितली की नन्नाचा पाढा सुरू होतो. घरचे म्हणतात, "सुई नको, गाठ चिडते, पसरते." काही सर्जनही तेच वेगळ्या भाषेत सांगतात, "काढायचीच आहे ना? मग सुई कशाला? लाळग्रंथीच्या दहातल्या आठ गाठी साध्याच असतात. बाहेर आली की कळेलच." गाठ बाहेर येते, पॅथॉलॉजिस्टकडे पोचते. त्याने आणखी दोन दिवस मागितले, आणखी दोन-चार रंग करून बघायला हवेत म्हटले, की तिसरी तक्रार तयार असते, "बेसल सेल ॲडेनोमा असो, मायोएपिथेलिओमा असो, नाहीतर ऑन्कोसायटोमा. कॅन्सर नाही ना? तेवढं लिहा आणि रिपोर्ट सोडा."

तिन्हींचा मथितार्थ एकच, की साध्या गाठीच्या निदानाचा एवढा बाऊ करू नये. सूक्ष्मदर्शकापाशी बसून हे रोज ऐकणारी मी, मला ते पटत नाही. ज्या गाठी साध्या आहेत आणि दुर्मीळही आहेत, त्यांच्या बाबतीत तर हे म्हणणे सरळसरळ धोक्याचे आहे.

आधी त्या दहातल्या आठांचा हिशेब करू. आकडा खोटा नाही, पण तो फक्त कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीचा आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गालाची आतली बाजू, टाळू आणि घसा यांत मिळून ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान तितकी तिथली गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता जास्त, हा जुना ठोकताळा अजून टिकून आहे. पॅरोटिडमधल्या साधारण पाचांतली एक गाठ कर्करोगाची असते. जबड्याखाली हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते आणि जिभेखाली तर बहुतेक गाठी कर्करोगाच्याच निघतात. टाळूवर गाठ असलेल्या माणसाला पॅरोटिडचा आकडा सांगून घरी पाठवणे ही चुकीची माहिती झाली, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आणि ते आठ तरी कोण? त्यातला मोठा वाटा एकट्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचा आहे. त्याच्या खालोखाल वॉर्थिन ट्यूमर येतो, तो प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्या उतारवयातल्या माणसांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणात लाळग्रंथींच्या साध्या गाठींची पंधराच्या आसपास नावे आहेत. हे दोन वगळले तर बाकीच्यांच्या वाट्याला शेकड्यात एक, दोन, फार तर तीन येतात. काही इतक्या विरळ की एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या साऱ्या कारकिर्दीत एकदाच दिसाव्यात. म्हणजे ऐंशी टक्क्यांचा दिलासा दिला जातो तो दोन ओळखीच्या गाठींच्या जिवावर, आणि डझनभर अनोळखी गाठी त्याच्याच आडून निसटतात. या अनोळखी गाठींपैकी जवळजवळ प्रत्येकीसारखा दिसणारा एखादा कर्करोग आहे. नेमक्या ह्याच कारणासाठी त्यांच्यावर वेळ घालवायचा.

सुईच्या भीतीला मात्र मी हसणार नाही, कारण ती हवेतून आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा काढायचा म्हणजे वेष्टन चिरून आतला गोळा सोलून बाहेर घ्यायचा, अशी पद्धत होती. या गाठीचे वेष्टन जागोजागी पातळ असते आणि तिची लहान लहान टोके वेष्टनाबाहेर डोकावत असतात. सोलताना ती मागे राहत, गाठ फुटली तर आतला चिकट माल जखमेत सांडे, आणि काही वर्षांनी त्याच जागी एकाऐवजी दहा-वीस बारीक गाठी उगवत. जुन्या अभ्यासांमध्ये अशा रुग्णांपैकी शेकडा २० ते ४५ जणांना गाठ परत आल्याच्या नोंदी आहेत. भोवतीच्या निरोगी ग्रंथीच्या पट्ट्यासह गाठ अखंड काढायला सुरुवात झाल्यावर हा आकडा दोन-चार टक्क्यांवर आला. "गाठ फोडू नका" हा धडा शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त-घाम गाळून शिकलेला आहे. पण तो तोंडोतोंडी फिरत "सुईही टोचू नका" असा झाला, आणि तिथे तर्क घसरला.

एफएनएसीची सुई २२ ते २५ गेजची असते, म्हणजे रक्त काढायला वापरतात तेवढी किंवा तिच्याहून बारीक. ही तपासणी रुजली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कर्करोग केंद्रात. तिथल्याच डॉक्टरांनी १९७१ साली सुई टोचलेल्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाच्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुईच्या वाटेने गाठ पसरल्याचे त्यांना आढळले नाही. त्यानंतर जगभर अशा अगणित तपासण्या झाल्या. बारीक सुईने लाळग्रंथीची गाठ पसरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत एकेकट्या रुग्णाची हकिकत म्हणून येतात, इतक्या त्या तुरळक आहेत. चाकूने गाठीचा तुकडा काढणे ही वेगळी गोष्ट. पॅरोटिडच्या गाठीवर ते करू नये, याबद्दल दुमत नाही. चाकूचा दोष सुईच्या माथी मारू नये, एवढेच माझे म्हणणे.

सुईविरोधकांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो ते स्वतः कधीच मांडत नाहीत. वॉर्थिन आणि ऑन्कोसायटोमा यांसारख्या गाठींचा काही भाग सुई टोचल्यानंतर रक्तपुरवठा तुटून मरतो. मग भरून येताना तिथल्या पेशी असे रूप घेतात की पुढे गाठ काढल्यावर स्लाइडवर त्या स्क्वॅमस कर्करोगासारख्या दिसू शकतात. यावर उपाय काय? तपासणीच्या अर्जावर एक ओळ लिहायची, "अमुक तारखेला एफएनएसी झाली, तिचा निष्कर्ष असा." आता प्रत्यक्षात येणारा अर्ज कसा असतो तो ऐका: "राइट साइड स्वेलिंग. बिनाइन? एचपीई प्लीज." वय लिहिलेले असले तर नशीब. गाठ किती वर्षांची, ग्रंथी कोणती, आधी शस्त्रक्रिया झाली होती का, चेहऱ्याची नस चांगली आहे का, सुई टोचली होती का, यातले काहीही नाही. सुईचे धोके हिरिरीने सांगणारी मंडळी ही एक ओळ लिहायला तयार नसतात, तेव्हा त्यांचा युक्तिवाद मला पोकळ वाटतो.

"काढायचीच आहे" हे गृहीतकही तपासून घ्यायला हवे. सगळ्याच गाठी काढायच्या नसतात. पॅरोटिडच्या आत लसिकाग्रंथी असतात, आणि आपल्या देशात त्यांत क्षयरोग होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे गोळ्यांचे काम असते. लिम्फोमा असेल तर उपचार औषधांचे असतात. पॅरोटिड काढून रुग्णाच्या पदरात व्रणाखेरीज काही पडत नाही. पंचाहत्तरीतल्या, हृदय कमजोर झालेल्या माणसाचा वॉर्थिन ट्यूमर नुसती नजर ठेवूनही चालवता येतो. हे तिन्ही निर्णय शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायचे आहेत. "बाहेर आली की कळेलच" म्हणणाऱ्याला ते फार उशिरा कळते.

काढायची ठरली तरी किती काढायची हा प्रश्न उरतोच. चेहऱ्याची नस पॅरोटिडच्या आतूनच जाते आणि पाच शाखांत फुटते. डोळा मिटणे, भुवई उचलणे, ओठ हलवणे, सगळे तिच्यावर. गाठ साधी असेल तर नसेचा धागान् धागा जपायचा. कर्करोगाने तिला वेढले असेल तर ती कापण्याचा विचार करावा लागतो, मानेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात, पुढे किरणोपचार लागतात. रुग्णाने संमतीपत्रावर सही कशाला केली हे त्याला ठाऊक असायला नको का? "छोटंसं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी" असे ऐकून टेबलावर गेलेला माणूस शुद्धीवर येतो तो वाकड्या चेहऱ्याने. किंवा त्याच्या उलट, कर्करोग अर्धवट काढलेला आणि आता पुन्हा त्याच व्रणातून आत शिरायचे. निरोगी नस पहिल्याच खेपेला जपणे जितके सोपे, तितके ते दुसऱ्या खेपेला कधीच नसते.

आता ज्या गाठीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडे वळते. बेसल सेल ॲडेनोमा ही बहुधा पॅरोटिडमध्ये, बहुधा पन्नाशी उलटलेल्यांत येणारी साधी गाठ. तिच्यात सुई घालून थेंबभर माल काचेवर पसरला, गिम्साने रंगवला, की भिंगाखाली लहान, गर्द, जवळजवळ नुसते केंद्रकच असलेल्या पेशींचे पुंजके दिसतात आणि त्यांच्या आजूबाजूला किरमिजी रंगाचा एक पदार्थ. खरी कसोटी या किरमिजी पदार्थात असते. तो कडांना विसविशीत, तंतूतंतू झालेला असेल आणि पेशी त्यात गुंतून पडल्या असतील, तर मन प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाकडे झुकते. गुळगुळीत, रेखीव काठाचे गोळे असतील, पेशी त्यांच्या बाहेरच्या बाहेर ताटकळत असतील आणि गोळा आतून रिकामा, नितळ दिसत असेल, तर पोटात गोळा येतो, कारण ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असाच दिसतो. बेसल सेल ॲडेनोमात हा पदार्थ बहुतेकदा पुंजक्यांना पट्ट्यांसारखा वेढून असतो. पण बहुतेकदाच. तिच्या मेंब्रेनस नावाच्या प्रकारात तो गोळ्यांच्या रूपातही दिसतो, आणि दुसरीकडे घट्ट जातीच्या ॲडेनॉइड सिस्टिकमध्ये गोळे जवळजवळ नसतातच. एकाच थेंबातून पाच नावे समोर येतात: बेसल सेल ॲडेनोमा, बेसल सेल ॲडेनोकार्सिनोमा, ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, पेशीबहुल प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, आणि कधी कधी वरच्या त्वचेतून आत उतरलेला बेसल सेल कार्सिनोमा. यातली पहिली नीट काढून विसरून जायची. तिसरी नसांच्या आवरणातून सरपटत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी, सगळे आलबेल वाटत असताना, फुप्फुसात दिसते.

यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या नावातला फरक तर पेशींत नसतोच म्हटले तरी चालेल. पेशी सारख्या, मांडणी सारखी. ॲडेनोमा आपल्या वेष्टनात राहतो, ॲडेनोकार्सिनोमा ते ओलांडून ग्रंथीत, चरबीत, नसेत घुसतो. भेद काय तो हाच. बांध कोरला गेला आहे की नाही हे शेताच्या मधली मूठभर माती पाहून कुणाला सांगता येईल? बांधावरच जावे लागते. सुई आणते ती मधली माती. म्हणून कितीही हुशार पॅथॉलॉजिस्ट बसवा, सुईच्या मालावरून तो या दोहोंत निवड करू शकणार नाही.

इथे सर्जन मित्रांचा ठरलेला टोमणा येतो, "म्हणजे तुमची सुई काहीच सांगत नाही!" खरे तर ती सांगते, आपल्याला हवे ते सांगत नाही, म्हणून राग येतो. लाळग्रंथींच्या एफएनएसीचे रिपोर्ट कसे लिहावेत यासाठी २०१८ पासून मिलान पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात साध्या गाठीचा एक वर्ग आहे, आणि "गाठ आहे, पण साधी की कर्करोगाची हे या नमुन्यावरून ठरवता येत नाही" असाही एक स्वतंत्र वर्ग आहे. पहिल्या वर्गात पुढे कर्करोग निघण्याची शक्यता शेकडा पाचाहून कमी, दुसऱ्यात सुमारे ३५. पस्तीस टक्के हा आकडा हात झटकणारा कसा? तो सर्जनला सांगतो की ही शस्त्रक्रिया नवशिक्या हातांवर सोपवू नका, गाठ अखंड काढा, काठ सोडून काढा, टेबलावर फ्रोझन सेक्शनची, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा तपासण्याची, सोय ठेवा आणि रुग्णाला दोन्ही शक्यता आधी सांगा. ज्याला हे नको, त्याला रिपोर्ट नकोय, दाखला हवाय.

आणि "बाहेर आली की कळेलच" या भरवशाचे काय होते, तेही सांगते. बांधावर जायचे तर बांध शाबूत यायला हवा. पुष्कळदा गाठ येते ती मधोमध चिरलेली, कारण आत काय आहे हे बघण्याचा मोह कुणाला तरी आवरला नाही. चिरल्यावर कडा उलट्या वळतात, वेष्टनाचा काठ फाटतो, आणि मग पेशी खरेच बाहेर पडल्या होत्या की सुरीने ओढल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. कधी ती सलाइनमध्ये घालून पाठवलेली असते, तोवर पेशी सडायला लागलेल्या. कधी अरुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत दाबून कोंबलेली, वर जेमतेम बोटभर फॉर्मालिन. ते लागते गाठीच्या दसपट. कधी अर्धी गाठ एका लॅबला, अर्धी दुसऱ्या लॅबला, दोघांचे मत जुळते का बघायला! दोघांनाही बांध अर्धाच मिळतो. साध्या आणि दुर्मीळ गाठीच्या निदानात वेष्टनाचे जास्तीत जास्त तुकडे तपासावे लागतात, आणि नेमके वेष्टनच या सगळ्यात बरबाद होते.

नेमके नाव लिहिण्याने रुग्णाला काय मिळते, असे विचारणाऱ्यांसाठी त्याच बेसल सेल ॲडेनोमाचा मेंब्रेनस प्रकार घ्या. बाकीचे प्रकार नीट काढले की सहसा परत येत नाहीत. हा मात्र साधारण चौघांतल्या एकात परत येतो, आणि एकाच ग्रंथीत त्याचे अनेक गड्डे असू शकतात. त्याच्यामागे कधी कधी सीवायएलडी या जनुकातला आनुवंशिक बिघाड असतो. अशा घराण्यांत डोक्याच्या कातडीवर सिलिंड्रोमा नावाच्या गाठी येतात, काहींना इतक्या की डोक्यावर फेटा बांधल्यासारखे दिसावे. म्हणजे रिपोर्टवर "मेंब्रेनस" हा एक शब्द आला तर डॉक्टरांनी रुग्णाचे केस बाजूला सारून डोके बघायचे आहे, भावंडांची आणि मुलांची चौकशी करायची आहे, पाठपुरावा वर्षानुवर्षे ठेवायचा आहे. नुसते "साधी गाठ" लिहिले असते तर यातले काहीच झाले नसते.

आतापर्यंत मी कर्करोग निसटण्याबद्दल बोलले. उलट्या बाजूची चूक आपल्याकडे कमी चर्चिली जाते, आणि महाराष्ट्रात तर तिला पोषक वातावरण आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण इथे बघावे लागतात की तोंडातला कुठलाही व्रण दिसला की डॉक्टरच्या मनात निदान तयारच असते. टाळूवर अचानक एक खोल, कोरल्यासारखा व्रण पडतो. तुकडा काढला तर त्यात स्क्वॅमस पेशींची बेटे दिसतात. हा नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लाझिया असू शकतो: रक्तपुरवठा तुटल्याने टाळूच्या लाळग्रंथी मरतात आणि त्यांच्या नळ्यांतल्या पेशी रूप बदलतात. ही मुळात गाठच नाही, आणि काही आठवड्यांत ती आपोआप भरून येते. १९७३ साली तिचे स्वतंत्र वर्णन झाले, ते डॉक्टरांनी तिला कर्करोग समजू नये म्हणून. तोवर आणि त्यानंतरही, आपोआप बऱ्या होणाऱ्या या व्रणासाठी टाळू-जबडा कापल्याच्या नोंदी आहेत. ज्याच्या तोंडात तंबाखूची पुडी आहे, त्याला हा आजार होत नाही असा नियम नाही.

स्क्लेरोझिंग पॉलिसिस्टिक ॲडेनोमाची गोष्टही अशीच. १९९६ साली तो पहिल्यांदा नोंदला गेला, पुढची वीसेक वर्षे ही गाठ आहे की नुसता बदल यावर वाद चालला, आणि आता त्याला ॲडेनोमा म्हणून मान्यता आहे. त्यातल्या लालबुंद मोठ्या कणांनी भरलेल्या पेशी पाहून अनेकांनी ॲसिनिक सेल कार्सिनोमा असा रिपोर्ट दिला आहे. म्हाताऱ्या माणसाच्या वरच्या ओठात येणारा कॅनालिक्युलर ॲडेनोमा एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो, आणि तो न ओळखणाऱ्याला ते पसरणे वाटते. ऑन्कोसायटोमा आणि वॉर्थिन हे दोघे पेट स्कॅनवर लखलखतात. दुसऱ्याच कुठल्या कर्करोगासाठी स्कॅन काढलेल्या माणसाच्या कानाखाली ठिपका उजळतो, आणि घरी निरोप जातो की आजार मानेत पसरला. एका बारीक सुईने, तासाभरात, तो निरोप खोटा ठरू शकतो. सुईला नाही म्हणणाऱ्यांनी अशा घराची ती एक रात्र डोळ्यांपुढे आणावी.

अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. तो म्हणतो, पेशी बघत बसायचे दिवस गेले, सरळ जनुक तपासा. जनुकांच्या चाचण्यांची मी चाहती आहे. मिब जनुकाची जोडणी सापडली तर ॲडेनॉइड सिस्टिकच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. मॅमएल-२चा बिघाड वॉर्थिनसारख्या दिसणाऱ्या म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाला खऱ्या वॉर्थिनपासून वेगळा काढतो. पण मिब सापडले नाही म्हणून ॲडेनॉइड सिस्टिक नाही, असे म्हणता येत नाही. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमातला प्लॅग-१ जनुकाचा बिघाड त्याच गाठीतून पुढे उपजलेल्या कर्करोगातही असतो. म्हणजे जनुक गाठीचे कुळ सांगते, चालचलणूक नाही. ती कळते वेष्टनाच्या काठावर. सडलेल्या, चिरलेल्या गाठीवर हजारोंच्या चाचण्या लावून तो काठ परत मिळत नाही.

"वर्षानुवर्षं आहे, काही झालं नाही, म्हणजे साधीच" हेही तितकेच फसवे. न काढता ठेवून दिलेल्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमात कर्करोग उपजण्याची शक्यता पहिल्या पाच वर्षांत शेकडा दीडच्या आसपास असते. पंधरा वर्षे उलटली की ती दहाच्या घरात जाते. अमेरिकेतला नामांकित बेसबॉलपटू टोनी ग्विन याच्या पॅरोटिडमधून दोनदा साध्या गाठी काढल्या होत्या. २०१० साली तिथेच कर्करोगाचे निदान झाले आणि २०१४ साली, ५४ व्या वर्षी, तो गेला. आधीच्या गाठींचा आणि नंतरच्या कर्करोगाचा नेमका संबंध काय, यावर मी दुरून मत देणार नाही. ग्विन स्वतः दोष देत होता तो तोंडात धरायच्या तंबाखूला. तंबाखूचा आणि लाळग्रंथींच्या कर्करोगाचा संबंध तोंडाच्या कर्करोगाइतका पक्का सिद्ध झालेला नाही. पण एकदा साधी गाठ निघाली की त्या ग्रंथीकडे पुन्हा बघायचे कारण नाही, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि गावाचा: "हे सगळं मुंबई-पुण्याला ठीक, तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणायचं?" मी जे मागते आहे त्यातले बहुतेक फुकट आहे. पूर्ण भरलेला अर्ज, रुंद तोंडाची बरणी, पुरेसे फॉर्मालिन, न चिरलेली अखंड गाठ, आणि कोणता काठ कुठला हे दाखवणारा एक टाका. यातल्या कशालाच मोठे शहर लागत नाही. खास महागडे रंग लागतात ते थोड्याच गाठींना. आणि लागले तर रुग्णाने मुंबई गाठायची गरज नसते. गाठीचे तुकडे मेणात बसवून केलेला ब्लॉक आगपेटीएवढाही नसतो, त्याला बर्फ लागत नाही, तो पिशवीत घालून एसटीने नेता येतो आणि कपाटात दशकानुदशके टिकतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरगावचे ब्लॉक आणि स्लाइड रोज पुन्हा तपासल्या जातात. तो ब्लॉक जपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. २०१० साली चेक पॅथॉलॉजिस्ट अलेना स्कालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळग्रंथीच्या एका नव्या कर्करोगाचे, आज ज्याला सिक्रिटरी कार्सिनोमा म्हणतात त्याचे, वर्णन केले. त्यानंतर ठिकठिकाणी कपाटातले जुने ब्लॉक बाहेर निघाले, आणि अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्याच नावाने बंद झालेली कित्येक निदाने बदलली. या कर्करोगावर आता नेम धरून काम करणारी औषधेही आहेत. ब्लॉक टाकून दिला असता तर त्या माणसांना हे कळलेच नसते.

तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कानाखालची, जबड्याखालची, ओठातली किंवा टाळूवरची गाठ काढली असेल, तर रिपोर्ट फाइलला लावण्यापूर्वी एकदा वाचा. ग्रंथी कोणती, गाठीचे नेमके नाव काय, वेष्टन शाबूत आहे का, काठ मोकळे आहेत का, एवढे त्यात असायला हवे. नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि लॅबमधून ब्लॉक व स्लाइड मागून घ्या, त्यांवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा आणि दोन्ही घरच्या कागदपत्रांसोबत ठेवा.